संज्ञा, संज्ञी आणि पुनःस्थापना : ऑरॉक्स या रानबैलाचा इतिहास

१

एखादी प्राणिजात पृथ्वीवरून नाहीशी झाली म्हणजे तिच्याबरोबर तिचे नावही नाहीसे होते, असे नाही. नाव मागे उरते. आणि निराधार झालेले नाव फार काळ निराधार राहत नाही. ते जवळच्या, साधारण सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या प्राण्याकडे सरकते, आणि दोनतीन पिढ्यांनंतर त्या नावाचा मूळ धनी कोण होता याची आठवणही कोणास राहत नाही. भाषेच्या इतिहासात ही घटना नित्याची होय. तथापि विसाव्या शतकात तिला एक अनपेक्षित व्यावहारिक महत्त्व प्राप्त झाले. एखाद्या भूमीवरून नाहीसे झालेले मोठे प्राणी तेथे पुन्हा आणून सोडावेत आणि त्यांच्या चरण्यामुळे, तुडवण्यामुळे, शिकार करण्यामुळे तेथील विस्कटलेली निसर्गव्यवस्था आपली आपण सावरू द्यावी, असा विचार त्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत बळावला. इंग्रजीत १९९० च्या सुमारास त्याला ‘रीवाइल्डिंग’ ही संज्ञा मिळाली. मराठीत तिच्यासाठी ‘वन्यतेची पुनःस्थापना’ असे म्हणता येईल. या संज्ञेतील सर्वांत लहान अवयव ‘पुनः’ हा असला, तरी सर्वांत अधिक भार त्याच्यावरच पडतो. पूर्वी काय होते हे निश्चित ठाऊक असल्यावाचून ‘पुनः’ हा शब्द उच्चारण्याचा अधिकार कोणासही पोहोचत नाही.

रानातील बैलासारख्या प्राण्याची ओळख कशी पटते, हा प्रश्न भारतीय शास्त्रकारांना अपरिचित नव्हता. न्यायशास्त्रात उपमान या प्रमाणाचे जे उदाहरण परंपरेने दिले जाते ते गवयाचेच आहे. नगरात राहणाऱ्या मनुष्याने गवय कधी पाहिलेला नसतो. रानाची माहिती असलेला मनुष्य त्याला सांगतो की, गवय हा गाईसारखा असतो. पुढे हा नागरिक रानात जातो, गाईसारखा पण गाय नव्हे असा प्राणी पाहतो, आणि ‘गवय या शब्दाने सांगितला जातो तो हाच’ असे त्याला ज्ञान होते. नैयायिकांच्या मते उपमानाचे फळ हे की, संज्ञा आणि संज्ञी यांचा संबंध कळतो. या सर्व प्रक्रियेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: गवय रानात प्रत्यक्ष आहे. तो तेथे नसेल, आणि तरीही कोणी गाईवरून गवयाकडे जाऊ पाहील, तर काय होईल? युरोपातील ऑरॉक्स या रानबैलाचा इतिहास म्हणजे या प्रश्नाचे एक विस्तृत उत्तर होय.

२

ऑरॉक्स हा आजच्या पाळीव गोवंशाचा वन्य पूर्वज. हिमयुगानंतरच्या काळात त्याचा संचार युरोपच्या पश्चिम किनाऱ्यापासून आशियाच्या पूर्व भागापर्यंत आणि उत्तर आफ्रिकेतही होता. सुमारे साडेदहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात त्याच्या एका शाखेपासून बिनवशिंडाची गुरे माणसाळवली गेली; भारतीय उपखंडातील दुसऱ्या शाखेपासून पुढे वशिंडाची गुरे निघाली. या भारतीय शाखेला शास्त्रज्ञांनी ‘नमाडिकस’ असे नाव दिले, ते नर्मदेवरून. नर्मदेच्या खोऱ्यात तिचे जीवाश्म प्रथम ओळखले गेले. पुढे प्रवरा-गोदावरीच्या परिसरातही ते मिळाले. महाराष्ट्रातील शेतात औताला जुंपलेला बैल आणि युरोपच्या अरण्यातील हा लुप्त प्राणी यांचे नाते असे दूरचे, परंतु खरे आहे.

त्याचे सर्वांत प्रसिद्ध प्राचीन वर्णन ज्यूलियस सीझरच्या गॉलवरील युद्धाच्या वृत्तांतात, सहाव्या भागात आढळते. जर्मनीतील हर्सिनियन अरण्याची माहिती देताना सीझर या प्राण्याला ‘उरुस’ म्हणतो. (या लॅटिन शब्दाचा मराठीतील पिराच्या उरुसाशी काहीही संबंध नाही, हे सांगावयास नकोच.) तो हत्तीहून थोडा लहान, रूपाने व रंगाने बैलासारखा, अत्यंत बलवान व वेगवान असून माणूस किंवा श्वापद दृष्टीस पडल्यास त्याची गय करीत नाही, तरुण लोक त्याला खड्ड्यांत पाडून मारतात, वासरू पकडले तरी ते माणसाळत नाही, त्याच्या शिंगांच्या कडा चांदीने मढवून मेजवान्यांत त्यांचे पेले करतात, असे तो सांगतो.

हे वर्णन ऑरॉक्सच्या पुनरुज्जीवनाच्या प्रत्येक प्रयत्नात आधार म्हणून पुढे केले गेले आहे. म्हणून त्याच्या आगेमागे काय आहे हेही पाहणे आवश्यक ठरते. ह्याच वर्णनाच्या अगोदर सीझर एका अशा सांबरवर्गीय प्राण्याची माहिती देतो की ज्याच्या पायांना सांधे नसतात, जो झाडाला टेकून झोपतो आणि झाड अर्धवट तोडून ठेवले असता त्याच्यासह कोसळून शिकाऱ्याच्या हाती लागतो. सांधे नसलेल्या पायांची कथा ज्याने लिहून घेतली, त्याचे हत्तीएवढ्या बैलाविषयीचे वाक्य मोजमाप म्हणून स्वीकारता येणार नाही. सांगाड्यांवरून पाहता मोठ्या नराची खांद्यापाशी उंची सुमारे १६० ते १८० सेंटिमीटर भरते. हा मोठाच प्राणी, परंतु हत्तीच्या जवळपासचा नव्हे.

पहिल्या शतकात प्लिनीने एक अधिक महत्त्वाची गोष्ट नोंदविली. जर्मनीत आयाळ असलेले ‘बिसोन’ आणि बलाढ्य ‘उरुस’ असे दोन निरनिराळे रानबैल आहेत. आणि अजाण लोक उरुसाला ‘बुबालुस’ म्हणतात, वस्तुतः ते नाव आफ्रिकेतील एका वेगळ्याच प्राण्याचे आहे, असे तो म्हणतो. म्हणजे या प्राण्याविषयीच्या अगदी आरंभीच्या लेखी पुराव्यातच नाव चुकल्याची तक्रार आहे. प्लिनीच्या तक्रारीचा भाषेवर काहीएक परिणाम झाला नाही. लॅटिनमधील ‘बुबालुस’ पुढे रुमानियन भाषेत ‘बोउर’ झाला, आणि त्या भाषेत ऑरॉक्सचे रूढ नाव तेच राहिले. अजाण लोकांची चूक व्याकरणशुद्ध होऊन शब्दकोशात बसली.

‘उरुस’ आणि ‘बिसोन’ हे दोन्ही शब्द लॅटिनने जर्मानिक भाषांतून उसने घेतलेले आहेत. पहिल्याचे जुने जर्मन रूप ‘ऊर’. त्याला ‘ऑख्स’ म्हणजे बैल हा शब्द जोडून ‘ऊरोख्सो’ व त्यापासून आजचा ‘आउअरऑक्स’ तयार झाला. दुसऱ्याचे जुने रूप ‘विसुंत’, आजचे ‘विसेंट’. स्लाव्ह भाषांनी या दोघांसाठी निराळे शब्द राखले: पोलिशमध्ये ऑरॉक्स तो ‘तुर’ आणि विसेंट तो ‘झुब्र’. ‘तुर’चे सगोत्र लिथुएनियन ‘तौरास’, ग्रीक ‘ताउरोस’ व लॅटिन ‘ताउरुस’ हे होत. मात्र ग्रीक-लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पाळीव बैल असा झाला. एकाच शब्दाने एका भाषेत रान सोडले नाही आणि दुसऱ्या भाषेत तो गोठ्यात आला.

३

शेती वाढली, अरण्ये तुटली, तसा ऑरॉक्स पश्चिमेकडून पूर्वेकडे मागे हटत गेला. मध्ययुगाच्या अखेरीस त्याचे ज्ञात असे अखेरचे आश्रयस्थान पोलंडमधील माझोव्हिया प्रांत हे होते. तेथील याक्तोरुवच्या राजअरण्यात त्याची शिकार करण्याचा हक्क केवळ राजाला होता. परंतु या रक्षणाचा खरा भार राजावर नव्हता, तो आसपासच्या खेड्यांतील लोकांवर होता. या प्राण्यांवर लक्ष ठेवणे, हिवाळ्यात त्यांच्यासाठी गवत ठेवणे ही कामे त्यांच्याकडे असत आणि त्याबद्दल त्यांना काही देण्यांतून सूट मिळे. राजाचे तपासनीस वेळोवेळी येऊन शिरगणती करीत. १५६४ च्या पाहणीत ३८ प्राण्यांची नोंद आहे. १५९९ मध्ये ते २४ उरले होते. १६०२ मध्ये अवघे ४. १६२० मध्ये एकच गाय शिल्लक होती, आणि १६२७ मध्ये ती मेली. शेवटच्या बैलाचे शिंग मढवून राजासाठी पेय ठेवण्याचे पात्र करण्यात आले. पुढे स्वीडिश सैन्याने ते लुटून नेले आणि आज ते स्टॉकहोमच्या राजशस्त्रागारात आहे. सीझरने वर्णिलेला शिंगाच्या पेल्याचा रिवाज त्या जातीच्या शेवटच्या नरापर्यंत चालू राहिला.

राजाचे संरक्षण असताना हा कळप का टिकला नाही? शिकार हे एक कारण होतेच. परंतु अखेरच्या शतकात ते मुख्य राहिले नव्हते. रक्षणाचे काम ज्या गावकऱ्यांकडे होते त्यांचीच गुरे त्या अरण्यात चरत. चारा वाटला गेला आणि गुरांचे रोगही या कळपात आले असावेत. गावकऱ्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु त्यांच्यापुढील पेच खरा होता. ज्या कुरणावर राजाचा रानबैल जगे, त्याच कुरणावर त्यांच्या गोठ्यातील गाय जगे, आणि ही गाय रानबैलाचीच वंशज होती. ऑरॉक्सच्या अंतास त्याचीच पाळीव संतती कारणीभूत झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

हा ऱ्हास चालू असतानाच एका प्रत्यक्ष माहितगाराने दोन्ही प्राण्यांची साक्ष लिहून ठेवली. ऑस्ट्रियाचा राजदूत झीगिस्मुंड फॉन हेर्बरश्टाइन हा पोलंडमार्गे दोनदा मॉस्कोला गेला होता. त्याचा मॉस्कोविषयीचा लॅटिन ग्रंथ १५४९ साली प्रथम प्रसिद्ध झाला, आणि पुढील आवृत्तीत त्याने ऑरॉक्स व विसेंट यांची दोन स्वतंत्र चित्रे छापली. चित्रांवरील मजकूर लक्षणीय आहे. त्यात प्राणी स्वतःच बोलतो: आपण उरुस असून पोलिश लोक आपल्याला तुर व जर्मन लोक आउअरऑक्स म्हणतात, परंतु अजाण लोकांनी आपल्याला बिसोनचे नाव दिले आहे. दुसऱ्या चित्रातील विसेंट याच्या उलट गाऱ्हाणे करतो. प्लिनीच्या तक्रारीनंतर सुमारे पंधरा शतकांनी ती पुन्हा आली; या वेळी ती खुद्द संज्ञींच्याच तोंडी घातलेली होती.

४

१६२७ नंतर जे घडले ते या दृष्टीने अपरिहार्य होते. ‘आउअरऑक्स’ हे भारदस्त नाव रिकामे झाले होते आणि पूर्व पोलंडमधील बियावोव्हिएझाच्या अरण्यात एक मोठा रानबैल अद्याप जिवंत होता. जर्मन बोलणाऱ्यांनी विसेंटला आउअरऑक्स म्हणण्यास प्रारंभ केला; इंग्रजी लेखकांनीही तीच वाट धरली. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पाळी अशी आली की, युरोपात दोन रानबैल होते हेच काही विद्वानांना मान्य होईना. हेर्बरश्टाइनची चित्रे त्यांना ठाऊक होती. परंतु एका नावाखाली दोन प्राणी आढळले तेव्हा त्यांनी नावाऐवजी प्राणीच एक केला.

या वादाचा निकाल हाडांनी लावला. व्हिल्नियस येथील प्राध्यापक लुडविग बोयानुस याने १८२७ मध्ये ऑरॉक्सच्या सांगाड्याचे शास्त्रशुद्ध वर्णन करून त्याला ‘बोस प्रिमिजेनियस’, म्हणजे ‘आद्य बैल’, असे नाव दिले. शेवटच्या गाईच्या मृत्यूला त्या वर्षी बरोबर दोनशे वर्षे झाली होती. जिवंत असताना ज्याचे नाव लोक नीट घेत नसत, त्याला शास्त्रीय नाव मिळाले ते मरणोत्तर.

हा प्रमाद परदेशी म्हणून दूर ठेवता येणार नाही. सह्याद्रीतील गव्याला ब्रिटिश शिकाऱ्यांनी ‘बायसन’ म्हटले, आणि ते नाव मराठी प्रदेशातही रुजले. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरीचे अभयारण्य आजही दाजीपूरचे ‘बायसन अभयारण्य’ म्हणून ओळखले जाते. वास्तविक तेथे बायसन कधीही नव्हता. मराठीतील ‘गवा’ हा शब्द संस्कृत ‘गवय’शी जोडता येतो आणि तो या प्राण्याचा यथार्थ वारसदार शब्द आहे. परंतु मराठीनेही एक चूक स्वतंत्रपणे केली आहे. ‘गवारेडा’ या समासात गव्याचे नाते गाईकडून काढून म्हशीकडे दिलेले आहे. प्लिनीच्या अजाण लोकांनी ऑरॉक्सला बुबालुस म्हटले ते याच न्यायाने. काळा, अवजड, रागीट प्राणी पाहिला की भाषेला रेडा आठवतो. सुदैवाने गवा अजून रानात आहे. तोवर ही चूक निरुपद्रवी आहे. नाव चुकले तरी जाऊन पाहण्याची सोय आहे.

५

प्राणी नसताना नावावरून प्राण्याकडे जाण्याचा मोठा प्रयत्न जर्मनीत झाला. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयाच्या संचालकाचे दोन पुत्र, लुट्झ हेक व हाइन्झ हेक, यांनी १९२० नंतरच्या दशकात ऑरॉक्स पुन्हा निर्माण करण्याचे काम हाती घेतले. पुढे लुट्झ बर्लिनच्या व हाइन्झ म्यूनिकच्या प्राणिसंग्रहालयाचा संचालक झाला. त्यांची मीमांसा वरकरणी तर्कशुद्ध होती. ऑरॉक्सचे गुण नष्ट झालेले नाहीत, ते पाळीव गुरांच्या निरनिराळ्या जातींत विखुरलेले आहेत. तेव्हा योग्य जातींचा संकर करून ते गुण एकत्र आणले म्हणजे ऑरॉक्स परत येईल, असे ते म्हणत. हाइन्झने हंगेरियन, स्कॉटिश, कॉर्सिकन इत्यादी जाती घेतल्या. लुट्झने स्पेन व फ्रान्समधील झुंजीच्या बैलांवर भर दिला. १९३० नंतर थोड्याच वर्षांत दोघांनीही यश मिळाल्याचे जाहीर केले.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला ही पद्धत ओळखीची वाटेल. सगोत्र भाषांतील विखुरलेल्या रूपांवरून मूळ भाषेचे अनुमित रूप सिद्ध करणे, ही तौलनिक व्याकरणाची रीत एकोणिसाव्या शतकात जर्मनीतच परिपक्व झाली. परंतु त्या शास्त्राने स्वतःवर एक शिस्त घालून घेतली: अनुमित रूपापुढे तारकाचिन्ह लिहावयाचे, म्हणजे हे रूप कोठेही प्रत्यक्ष आढळलेले नाही याची कबुली द्यावयाची. हेक बंधूंच्या बैलापुढे असे तारकाचिन्ह नव्हते. त्यांनी त्याला सरळ ऑरॉक्स म्हटले. वस्तुतः तो खऱ्या ऑरॉक्सहून बराच लहान होता. शिंगांची ठेवण सारखी नव्हती, पायही तितके उंच नव्हते. साम्य होते ते मुख्यतः रंगाचे. डच अभ्यासक सिस फान व्ह्यूरे याने २००५ मधील आपल्या ग्रंथात या दाव्याची सविस्तर चिकित्सा केली आहे. आज या गुरांना प्रामाणिकपणे ‘हेक गुरे’ असे म्हणतात.

या कार्याची राजकीय संगतही दुर्लक्षिण्याजोगी नाही. लुट्झ हेक नाझी पक्षाचा सभासद आणि हेर्मान गोरिंगचा निकटवर्ती होता. प्राचीन जर्मन अरण्य आणि त्यातील आद्य पशू यांची कल्पना त्या राजवटीला प्रिय होती. लुट्झची गुरे गोरिंगच्या शिकारक्षेत्रांत सोडली गेली, आणि १९४१ नंतर जर्मन अंमलाखाली आलेल्या बियावोव्हिएझाच्या अरण्यातही ती नेली गेली. त्याच अरण्याच्या परिसरातील अनेक गावे त्या वर्षी जाळली गेली. रहिवाशांना हाकलून देण्यात आले व कित्येकांना ठार करण्यात आले. याक्तोरुवला रानबैल राखण्याचे काम ज्या वर्गाकडे होते, त्याच वर्गाला येथे रान ‘आद्य’ करण्यासाठी आणि शत्रूचा आसरा मोडण्यासाठी काढून टाकण्यात आले. बर्लिनची ही गुरे युद्धात नष्ट झाली. आजची हेक गुरे म्यूनिकच्या शाखेची आहेत.

याच अरण्यात विसेंटचा इतिहास निराळ्या मार्गाने गेला, आणि तो तुलनेसाठी फार उपयुक्त आहे. बियावोव्हिएझातील शेवटचा रानटी विसेंट पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीनंतर, १९१९ मध्ये मारला गेला. कॉकेशसमधील १९२७ मध्ये. परंतु प्राणिसंग्रहालयांत व खाजगी उद्यानांत सुमारे पन्नास विसेंट जिवंत होते. १९२३ मध्ये त्यांच्या रक्षणासाठी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि प्रत्येक प्राण्याची वंशावळ नोंदवणारे पुस्तक तयार करण्यात आले. आजचे सारे विसेंट अवघ्या बारा पूर्वजांपासून उतरलेले आहेत, हे या पुस्तकामुळेच निश्चित सांगता येते. १९५२ मध्ये बियावोव्हिएझात विसेंट पुन्हा मोकळे सोडण्यात आले. २०१९ च्या अखेरीस मुक्त विसेंटांची संख्या ६,२०० च्या वर गेली होती. ‘पुनः’ हा शब्द येथे निःशंकपणे वापरता येतो, कारण संज्ञा आणि संज्ञी यांना जोडणारा धागा कोठेही तुटलेला नाही. तो केवळ बारीक झाला होता.

६

हेक गुरांना दुसरे आयुष्य मिळाले ते हॉलंडमध्ये. दक्षिण फ्लेव्होलांड हा समुद्राला बांध घालून मिळवलेला पोल्डर १९६८ मध्ये कोरडा झाला. त्यातील सखल पट्टा उद्योगांसाठी राखलेला होता. परंतु तो पडून राहिला आणि तेथे पाणथळ तयार झाली. हीच ओस्टफार्डर्सप्लासन, क्षेत्र सुमारे ५६ चौरस किलोमीटर. हजारो करडे रानहंस पिसे झडण्याच्या काळात तेथे येऊन वेत-बोरू खाऊ लागले, आणि त्यांच्या चरण्यामुळे पाणी झाकले न जाता मोकळे राहते असे दिसून आले. यावरून फ्रान्स वेरा या डच परिस्थितिवैज्ञानिकाने एक व्यापक अनुमान काढले. हंस जर पाणथळ मोकळी ठेवू शकतात, तर मोठे तृणचर जमीन मोकळी ठेवू शकतील. १९८३ मध्ये हेक गुरे, १९८४ मध्ये पोलंडमधील कोनिक जातीचे घोडे आणि १९९२ मध्ये तांबडी हरणे तेथे सोडण्यात आली. ‘कोनिक’ या पोलिश शब्दाचा अर्थ ‘लहान घोडा’, म्हणजे तट्टू, एवढाच आहे. परंतु तोही येथे लुप्त रानघोड्याचा प्रतिनिधी म्हणून आला.

वेराचा सिद्धांत पुढे १९९७ च्या प्रबंधात व २००० मधील इंग्रजी ग्रंथात सविस्तर आला. हिमयुगानंतरचा सखल युरोप सलग, दाट अरण्याने झाकलेला होता, हे मत त्याने अमान्य केले. ओक आणि हेझल यांच्या रोपांना भरपूर उजेड लागतो, दाट सावलीत ती जगत नाहीत; आणि परागांच्या जुन्या थरांत तर ओक-हेझल विपुल आहेत. म्हणून प्राचीन भूभाग उद्यानासारखा, कुरण आणि झाडी यांनी मिश्र असला पाहिजे. काटेरी झुडपांच्या आश्रयाने ओकचे रोप गुरांपासून वाचते व वाढते; वाढलेल्या झाडाच्या सावलीत झुडपे मरतात; मग तेथे गुरे शिरतात आणि नवे रोप उगवू देत नाहीत; शेवटी झाडे म्हातारी होऊन पडतात व पुन्हा कुरण होते. या चक्राला गती देणारा ऑरॉक्स होता. सिद्धांत सुंदर आहे. त्यावरील महत्त्वाचा आक्षेप आयर्लंडवरून घेण्यात आला. २००५ मध्ये फ्रेझर मिचेल याने दाखवून दिले की, जेथे ऑरॉक्स व विसेंट नव्हतेच त्या आयर्लंडच्या परागथरांतही ओक व हेझल यांचे प्रमाण तसेच आहे.

ओस्टफार्डर्सप्लासनमध्ये चक्र फिरले नाही. काही लाभ निर्विवाद होते: २००६ मध्ये पांढऱ्या शेपटीच्या गरुडाने हॉलंडमधील आपले पहिले घरटे तेथेच यशस्वी केले. परंतु कळप वाढत गेले, आणि त्यांना खाणारे श्वापद किंवा त्यांना दुसरीकडे जाण्याची वाट, यांपैकी काहीच नव्हते. व्हेलुव्हेच्या वनप्रदेशाकडे जाणारा पट्टा राखून ठेवण्याची योजना २०१० नंतर बारगळली. काटेरी झुडपे वाढण्याऐवजी असलेली झुडपेही खाल्ली गेली, आणि कुरण आखूड होत गेले. २०१७-१८ च्या हिवाळ्यात पाच हजारांहून अधिक जनावरांपैकी तीन हजारांवर मेली. त्यांतील बहुतेकांना उपासमारीच्या यातना वाचवण्यासाठी रक्षकांनीच गोळ्या घातल्या.

त्या हिवाळ्यात लोक कुंपणापाशी येऊन गवताच्या पेंढ्या आत फेकू लागले. अधिकृत भूमिका अशी की, ही जनावरे वन्य आहेत. वन्य प्राण्यांना हिवाळ्यात चारा घालावयाचा नसतो, दुर्बळांचे मरण हाही निसर्गव्यवहाराचाच भाग होय. पेंढ्या फेकणाऱ्यांची भूमिका अशी की, ज्या गाईला आणि घोड्याला माणसाने कुंपणात ठेवले आहे ते वन्य नव्हेत. ती कोणाची तरी जनावरे आहेत, आणि ज्याची जनावरे त्याने त्यांना खायला घातले पाहिजे. हा वाद दयेचा आणि शास्त्राचा आहे असे सांगितले गेले. परंतु त्याच्या मुळाशी एका शब्दाचा प्रश्न होता. ‘वन्य’ म्हटले की कर्तव्य संपते. ‘पाळीव’ म्हटले की ते सुरू होते. आठ दशकांपूर्वी दोन संचालकांनी पाळीव गुरांना रानबैलाचे नाव दिले नसते, तर हे प्राणी उपासाने मरत असताना कोणासही तात्त्विक समाधान मिळाले नसते. २०१८ मध्ये समितीच्या शिफारशीवरून मोठ्या तृणचरांची संख्या सुमारे ११०० वर मर्यादित ठेवण्याचे प्रांतिक सरकारने ठरविले; झुडपांना वाव देण्याचे उपायही योजले गेले.

७

या इतिहासावरून मोठ्या प्राण्यांद्वारे निसर्ग सावरण्याचा विचार त्याज्य ठरतो, असे अनुमान काढणे चुकीचे होईल. तृणचरांच्या चरण्याने भूमीचे रूप बदलते ही गोष्ट सिद्ध आहे, आणि विसेंटचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. वस्तुतः हेक गुरांनीही चरण्याचे काम केले. ऑरॉक्स नसल्यामुळे त्यांच्या चरण्यात काही उणे आले नाही. उणीव होती ती वाटेची, श्वापदांची आणि जागेची. परंतु रानबैल परत आला आहे असे एकदा म्हटल्यावर या उणिवांकडे पाहण्याची निकड राहत नाही. नावानेच काम पुरे झाल्यासारखे वाटते. शिवाय ज्या भूमीवर हा सारा प्रयोग झाला ती १९६८ पर्यंत पाण्याखाली होती. तेथे ‘पुनः’ स्थापन व्हावी अशी पूर्वीची कोणतीही स्थिती नव्हती. जे होते ते सर्वस्वी नवे होते, आणि नवे म्हणूनच त्याची जबाबदारी ते निर्माण करणाऱ्यांवर होती.

२००८ पासून हॉलंडमध्येच ‘ताउरोस’ या नावाने दुसरा प्रयत्न सुरू आहे. २०१५ मध्ये इंग्लंडमधील सुमारे ६,७५० वर्षांपूर्वीच्या एका ऑरॉक्सच्या हाडापासून त्याची संपूर्ण जनुकरचना वाचली गेल्यामुळे, साम्य केवळ रंगावरून न ठरवता अधिक सूक्ष्मपणे ठरवता येते. हे साधन हेक बंधूंपाशी नव्हते. येथे विशेष उल्लेखनीय गोष्ट नावाची आहे. या गुरांना ऑरॉक्स न म्हणता स्वतंत्र नाव दिले गेले. भाषाशास्त्रातील तारकाचिन्हाच्या शिस्तीला हे बरेच जवळचे आहे.

राहता राहिला याक्तोरुवच्या गावकऱ्यांचा प्रश्न. त्यांच्या हिवाळी गवतावर शेवटचा कळप काही पिढ्या जगला, आणि त्यांच्याच गुरांच्या चरण्याने तो खंगला. राजाच्या तपासनिसांनी ऑरॉक्सची शिरगणती केली. राखणदारांच्या गोठ्यांत किती गुरे आहेत आणि त्यांना चारा कोठून मिळावयाचा, हा हिशेब रक्षणाच्या व्यवस्थेत आला नाही. मोठा प्राणी परत आणण्याची प्रत्येक योजना आधी हा दुसरा हिशेब करते किंवा कसे, यावरून तिची परीक्षा करावी. न्यायशास्त्रातील त्या उदाहरणात गवय ओळखणाऱ्या नागरिकाइतकेच महत्त्व, गवय कसा असतो हे त्याला सांगणाऱ्या रानातील माणसाला आहे. तो माणूस रानातून गेला, तर गवयाचे नाव तेवढे शिल्लक राहते.